उशाशी वसलेली छावणी

गेल्या माघात आमच्या धाकटीला भोपाळहून बोलावणे आले. हल्ली अशी बोलावणी टपालवाला आणून देत नाही; ती संगणकावरून स्वतःच छापून घ्यावी लागतात. तिने ते चार कागद छापून आणले, जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि त्यांतला शेवटचा आमच्यासमोर सरकवला. सैन्याच्या निवड मंडळापुढे ज्या मैदानी कसोट्या होतात त्यांत उमेदवार स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे, इजा झाल्यास भरपाई मागणार नाही, असा त्याचा मजकूर होता. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. एक तिने आधीच भरली होती. दुसरी पालकाची होती.

मुलगी बावीस वर्षांची, विज्ञानाची पदवीधर, कायद्याने सज्ञान. आमच्या सहीवाचून तिचे पाऊल अडेल असे आम्हांला वाटत नव्हते आणि तिलाही वाटत नव्हते. पण सही मागितली गेली होती, आणि ती तीन दिवस झाली नाही.

आमच्या घराण्याची हकीकत इंदूरच्या शेकडो मराठी घरांसारखीच आहे. मूळ पुरुष होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आला. तो पागेत होता असे सांगतात. पुढे दोन पिढ्यांत तलवार सुटली आणि लेखणी आली. पणजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात, आजोबा त्याच कचेरीत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा कचेरीवरची पाटी बदलली, खुर्ची तीच राहिली. आम्ही स्वतः बँकेत छत्तीस वर्षे काढली. मूळ पुरुषाची तलवार अजून देवघराच्या कोपऱ्यात आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते; उपसत मात्र तिला कोणी नाही, कारण ती म्यानातच गंजून बसली आहे. "बाबा, पूजा करता ना तिची?" एवढेच धाकटी म्हणाली होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आम्ही रागावलो.

लोकमान्यनगरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चार वर्षांनी घरी पाठवतात म्हणे. मग पुढे काय?" पुष्कळांचा हा घोटाळा होतो, म्हणून येथे सांगून टाकतो. चार वर्षांची योजना ती अग्निपथ. ती २०२२ साली आली आणि ती शिपाई म्हणून भरती होणाऱ्यांसाठी आहे. पदवीधर मुलगी ज्या वाटेने जाते ती वाट निराळी. केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीत उत्तीर्ण झाले की पाच दिवसांची निवड, मग वैद्यकीय तपासणी, आणि सर्वांत पार पडले तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत ४९ आठवडे. ही संस्था १९६३ ची, म्हणजे चीनच्या आक्रमणानंतर लगेच उभी राहिलेली. प्रशिक्षणाच्या काळात मासिक ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यानंतर दहा वर्षांची नोकरी, हवी असल्यास आणखी चार. स्त्रियांसाठी हा दरवाजा १९९२ साली उघडला आणि त्यांची पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. कायम नेमणुकीसाठी त्यांचाही विचार झाला पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला मात्र १७ फेब्रुवारी २०२० हा दिवस उजाडावा लागला. हे सारे आम्ही वहिनींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण लग्नाचं?"

शेवटी सौ.च म्हणाल्या, "रविवारी महूला जाऊन येऊ. मामांना विचारू. मग काय ते ठरवा."

महू आमच्यापासून जेमतेम २३ किलोमीटर. तरी या गावी आम्ही कधी गेलो नव्हतो असे म्हटले तर वाचकांना आश्चर्य वाटेल, आणि न वाटलेही, कारण इंदूरच्या किती मराठी घरांचे हेच असेल! लहानपणी पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा पाहायला मीटरगेजच्या गाडीने जाताना महूचे स्थानक लागे. तेथे चहा आणि भजी होत. फलाटावर हिरव्या कपड्यांतली माणसे ट्रंकांवर बसलेली दिसत. त्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक लिहिलेला असे. गाडी सुटली की ती माणसेही मनातून सुटत.

या वेळीही गाडीनेच गेलो. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ अशी ओळखीची नावे मागे पडत गेली. या मार्गाचा जन्म होळकरांच्या पैशातून झाला, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. खांडव्याहून इंदूरला लोहमार्ग यावा म्हणून दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. ज्या सरकारने आपल्या उशाशी छावणी बसवली त्याच सरकारला कर्ज देणारा हा राजा धूर्त म्हणावा की अगतिक, याचा विचार करीत असतानाच गाडी थांबली. स्थानकावर पाटी आहे 'डॉ. आंबेडकर नगर'. २००३ पासून गावाचे नाव हेच आहे. पण रिक्षावाला अजून 'महू'च म्हणतो.

या महू नावाविषयी एक कथा फार प्रचलित आहे. इंग्रजी चार अक्षरे लष्करी मुख्यालयाच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे आहेत, असे शिकलीसवरली माणसेही ठासून सांगतात. ते खरे नव्हे. शेजारी महूगाव नावाचे खेडे आहे, त्यावरून हे नाव पडले.

छावणी कशी आली ते मात्र इंदूरकराने विसरण्यासारखे नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव होते. त्यांची बहीण भीमाबाई त्या दिवशी घोड्यावर बसून स्वारांच्या पुढे होती, असे परंपरेने सांगतात. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षी माल्कमने येथे छावणी बसवली. होळकरांची राजधानी इंदूरला आली तीही १८१८ सालीच. राजधानी आणि तिच्यावरची पहारेकरी छावणी ही अशी जुळी भावंडे. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूच्या देशी पलटणीही उठल्या, हेही याच नात्यातले.

स्थानकाबाहेर पडून पाच मिनिटे चाललो असू नसू, तोच इंदूरचा गलबला जणू कोणी कापून टाकला. रस्ते सरळ आणि झाडलेले. झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना आणि त्यावर गेरूचा पट्टा. लांब व्हरांड्यांचे, कौलारू, जुने बंगले. आणि थोड्या थोड्या अंतरावर 'प्रवेश निषिद्ध'च्या पाट्या. आम्ही ज्याला छावणी म्हणून एकच समजत होतो त्यात तीन मोठी विद्यापीठेच आहेत म्हणा ना! पायदळाची शाळा, दूरसंचाराचे लष्करी महाविद्यालय, जेथे सिग्नल्स दलाचे अधिकारी शिकतात, आणि आर्मी वॉर कॉलेज, जे १९७१ साली पायदळाच्या शाळेपासून वेगळे झाले. पायदळाची दारे स्त्री-अधिकाऱ्यांना अद्याप उघडलेली नाहीत. तोफखान्याची २०२३ साली उघडली. सिग्नल्समध्ये त्या कितीतरी वर्षांपासून आहेत. धाकटी हे सारे चालता चालता सांगत होती. रस्त्याच्या पलीकडून सायकलींवर एक तुकडी गेली. त्यांत दोन मुली होत्या. आम्ही उभयतांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले असावे, कारण त्यांतल्या एकीने हसून मान लववली.

बाजारपेठ छावणीच्या कुशीत आहे. गणवेश शिवणाऱ्या शिंप्यांची, पट्टे, बिल्ले आणि पदकांच्या फिती विकणारांची दुकाने ओळीने. एका दुकानात छातीवर लावायच्या नावपट्ट्या कोरून मिळत होत्या. काळ्या पट्टीवर पांढरे नाव, खाली वर इंग्रजी आणि देवनागरी. काचेमागे नमुने मांडले होते: राठोड, थापा, नायर, शिंदे, सिंग, सिंग, सिंग. धाकटी तेथे थबकली. दुकानदाराने मोठ्या अदबीने विचारले, "मॅडम, क्या नाम लिखना है?" तिने मान हलवली आणि "अभी नहीं" म्हणाली. त्या दोन शब्दांत जे होते ते आम्ही तीन दिवसांच्या वादावादीत ऐकले नव्हते. वादात ती आम्हांला जिंकू पाहत होती. येथे तिला कोणाला जिंकायचे नव्हते.

उन्हे चढायच्या आत जन्मभूमीचे दर्शन घेतले. शुभ्र संगमरवरी, घुमटाकार वास्तू आहे. २००८ च्या आंबेडकर जयंतीला ती लोकार्पण झाली. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब येथे जन्मले ते त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते म्हणून. फौजेत असल्यामुळे एका घरात अक्षर आले आणि त्या अक्षराने पुढे देशाची घटना लिहिली. आणि हेही खरे की त्याच सुमारास, १८९२ मध्ये, इंग्रजांनी महार जवानांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या इमानाने लढलेल्यांना एका हुकुमाने घरी बसवले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल यावे लागले. ती बेळगावला उभी राहिली, आणि त्या वेळी बाबासाहेब स्वतः व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. कोणाला फौजेत जाण्याचा हक्क झगडून मिळवावा लागला, आणि आम्ही मात्र मुलीला तो बसल्या जागी मिळतो आहे म्हणून कपाळाला आठ्या घालून बसलो होतो! सौ. बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाल्या, "सुभेदारांच्या घरात चौदा मुलं झाली. त्या माउलीला कोणी विचारलं होतं का, ही बदल्यांची नोकरी परवडेल का म्हणून?" त्यांचे मन कोठे अडकले आहे ते तेव्हा आम्हांला कळले.

मामा म्हणजे सौ.च्या आईचे मावसभाऊ. बत्तीस वर्षे सिग्नल्समध्ये काढून सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झाले आणि येथेच घर बांधून राहिले. महूत असे निवृत्त लोक पुष्कळ आहेत. छावणीच्या भोंग्यावाचून त्यांना करमत नाही. मामांचे वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, कणा ताठ, बोलणे मोजके. मामींनी थालीपीठ आणि लोणी पुढे केले. शेजारी एका वाटीत इंदुरी शेवही होती, कारण माळव्यात शेवेवाचून कोणतेच ताट पुरे होत नाही.

धाकटीने सरळच विचारले, "मामाआजोबा, बाई अधिकारी म्हणून आलेली मुलगी तुम्हांला हुकूम देते तेव्हा राग नाही येत?"

"पहिल्या आल्या तेव्हा आम्ही चुळबुळलो," मामा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? मग एकदा पावसात, रात्री, तारा टाकायचं काम होतं. ती पोर चिखलात आमच्या आधी उतरली. दुसऱ्या दिवसापासून चुळबूळ बंद. सलाम माणसाला नसतो गं, कमिशनला असतो. पण जवान तो मनापासून करतो की हात वर करायचा म्हणून करतो, हे ज्याच्या त्याच्यावर आहे."

आम्ही धोक्याविषयी विचारले. मामांनी खांदे उडवले. उत्तर मामींनी दिले.

"धोका तुम्हांला दिसतो. मला बाकीचं दिसलं. मोठ्याच्या सहा शाळा झाल्या. सासूबाई गेल्या तेव्हा हे तिसऱ्या दिवशी पोहोचले. कारगिलच्या वेळी, नव्याण्णव साली, सात आठवडे ह्यांचं पत्र नाही. मग एक आलं. मी देवापुढे ठेवून उघडलं. आत काय, तर स्कूटरचा विमा भरायचा राहिलाय, तारीख चुकवू नकोस." त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे टिपले. मामा शेवेच्या वाटीकडे पाहत होते.

"नको म्हणायचं असेल तर आजच म्हणा," मामी सौ.ना म्हणाल्या. "ती ऐकेल किंवा न ऐकेल. पण हो म्हणून पाठवायचं आणि ती चेन्नईला पोहोचली की फोनवर रडायचं, असं करू नका. तिकडे दिवसभर पळून पळून पाय सुजलेले असतात पोरींचे. त्यात आईचं रडणं वाहून न्यायला लावू नका."

यावर कोणी काही बोलले नाही. तेव्हा धाकटीने पिशवीतून वही काढली. निवडीच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राची परीक्षा असते. पडद्यावर एकेक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचे. असे साठ शब्द. चित्रे पाहून गोष्टीही. शेवटचे चित्र कोरे. आणि अखेरीस स्वतःविषयी लिहायचे: माझे आईवडील मला काय समजतात, शिक्षक काय, मित्र काय, मी स्वतः काय. "बाकीचं मी लिहीन," ती म्हणाली, "पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. तुम्ही कधी सांगितलं नाही. आणि गोड गोड नको, तिथे ते लगेच ओळखतात म्हणे."

बावीस वर्षांत आम्ही तिच्याविषयी किती जणांशी बोललो असू; तिच्याशी नाही. सौ. प्रथम बोलल्या. "चूक झाली की लपवत नाहीस, लगेच येऊन सांगतेस. लहानपणापासून. पण हरलीस की दोन दिवस तोंड उघडत नाहीस. सगळ्या घराला त्याची शिक्षा." तिने लिहून घेतले. मग ती आमच्याकडे पाहू लागली. आम्हांला बँकेतले गोपनीय अहवाल लिहायची सवय. त्यांत 'समाधानकारक' या शब्दावर माणसाची सारी हयात निभावून जाते. तो शब्द येथे चालणार नव्हता. शेवटी म्हणालो, "तू आमचं ऐकतेस ते तुला पटतं म्हणून नाही, आम्ही दुखावू नये म्हणून. पुष्कळदा तसं ऐकलंस. संस्कृत घ्यायचं होतं, गणित घेतलंस. ते आम्हांला कळलं होतं. आम्ही गप्प राहिलो, कारण ते आमच्या सोयीचं होतं."

तिने हे लिहिले नाही. पेन हातात धरून नुसती बसून राहिली. मग सौ.नी तिच्या पिशवीतून तो चौथा कागद स्वतःच शोधून काढला, मामांच्या खिशातले पेन मागून घेतले आणि थालीपिठाची ताटली बाजूला सारून सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले. कागदावर लोण्याचा एक डाग पडला, तो पुसायला गेल्या तर अधिकच पसरला. "राहू दे आई," धाकटी म्हणाली.

परतीच्या गाडीत सौ. एकदाच बोलल्या. भीमाबाईचे पुढे काय झाले, असे त्यांनी विचारले.

भोपाळची हकीकत थोडक्यात सांगतो. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच उमेदवार दुपारीच आपल्या पिशव्या उचलतात. आमची त्यातून राहिली. पाच दिवस तिला नाव नव्हते, छातीवर क्रमांक होता. फळ्या आणि दोर घेऊन रेघांना पाय न लावता पलीकडे जायचे, आठ-दहा जणांनी मिळून लांब दोरखंडाचा 'साप' उचलून अडथळे ओलांडायचे, नकाशावरच्या खोट्या संकटातून खरी वाट काढायची, हे सारे तिने केले. पाचव्या दिवशी मंडळापुढे एकेकाला बोलावतात आणि मग क्रमांक वाचतात. तिचा क्रमांक वाचला गेला नाही.

ती रात्रीच्या गाडीने घरी आली. दोन दिवसांच्या मौनाची आम्ही तयारी ठेवली होती. पण ती हातपाय धुऊन जेवायला बसली आणि सगळे सांगत सुटली. कोठे चुकले, कोठे इतरांना बोलू दिले नाही, दोर कसा हातातून निसटला. ऐकता ऐकता सौ. एकदम उसळल्या: "त्यांना माणसांतलं काय कळतं? पाच दिवसांत!" तीन दिवस ज्या सहीसाठी घर धुमसत होते ते आम्ही दोघे, आता नकार देणाऱ्यांवर संतापलो होतो. धाकटी पोट धरून हसली.

वयाची अट पाळली तर कितीही वेळा बसता येते. तिने पुन्हा लेखी परीक्षा दिली आणि पुन्हा उत्तीर्ण झाली. मध्यंतरी बँकेच्या परीक्षेचाही निकाल लागला. तेथेही तिचे नाव आहे आणि रुजू होण्याची तारीख यायची आहे. कोणती वाट आधी उघडते ते पाहू, असे ती म्हणते. आम्ही मत देत नाही. विचारले तर देतो, आणि ती ते वहीत लिहून घेते.

या वेळचे बोलावणे बंगळूरचे आहे. कागद परवा छापून आणले. आम्ही सवयीप्रमाणे ते दोनदा वाचले, तारखा जुळवल्या आणि सहीच्या जागी पेन्सिलीने खूण केली. पण सौ. त्या वेळी फोनवर होत्या. बंगळूरला या दिवसांत पहाटे थंडी कितपत असते, आणि धावताना स्वेटर चालतो का, हे त्या मामींना विचारीत होत्या.